धोंडीरामाचं पातेलं

मोडवाल्यानं जिन्याखालच्या खोलीतनं एकेक भांडं ओढून अंगणात मांडलं. प्रत्येकाच्या काठावर बोटानं टिचकी मारायची, कान लावायचा, मान हलवायची, की भांडं डावीकडं नाहीतर उजवीकडं. मी पायरीवर बसून बघत होते. आई खुर्चीत होती. तिला आता नीट दिसत नाही, पण टिचकीच्या आवाजावरनं ती बरोबर सांगत होती, "ती गंगूबाई. तो तुकाराम. ती सोनाबाई, तिचा एक कान पडलाय बग."

मोडवाला माझ्याकडं बघायला लागला. म्हातारीला भ्रम झालाय असं त्याला वाटलं असणार.

भ्रम नव्हता. ती आमच्या गल्लीची भांडी होती. सांगलीहून माधवनगरच्या अंगाला, गिरणीच्या मागं आमची वीस-बावीस घरांची गल्ली. नव्वद सालानंतरची जी वर्षं मला आठवतात, त्यांत लग्न असो, बारसं असो, तेरावं असो, भांडी बाहेरनं भाड्यानं कधी आली नाहीत. घरातलं माणूस गेलं की वर्षाच्या आत घरच्यांनी ऐपतीप्रमाणं एक भांडं गल्लीला द्यायचं, असा रिवाज. नाव घालणारा उंबऱ्यावर बसून टिकटिक करत ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं उठवायचा, 'कै. गंगूबाई यांचे स्मरणार्थ'. आणि मग त्या भांड्याचं नावच गंगूबाई. भात नेहमी गंगूबाईत. आमटी तुकारामात. शिऱ्याला सोनाबाई. "तुकाराम खालनं लागला वाटतं," "गंगूबाईला जरा दम द्या, घाई नको," असं सगळं चालायचं, आणि गेलेल्या माणसांच्या सुना ते ऐकून पदराआड हसायच्या. सासूला चुलीवर चढवायची संधी कुठल्या सुनेला मिळते हो? पण एखादीचे डोळे भरूनही यायचे. माणूस मरून पाच वर्षं झाली तरी गल्ली त्याला नावानं हाक मारत होती, आणखी काय पाहिजे.

नव्या भांड्याचा एक नेम होता. ज्या घरचं भांडं, त्या घरच्या बाईनं पहिल्या खेपेला त्यात तांदळाची पहिली ओंजळ टाकायची. ती ओंजळ पडली की भांडं त्या घरचं राहिलं नाही, गल्लीचं झालं.

ही सगळी भांडी आमच्याकडं असायची, कारण जिन्याखालची खोली आमच्याकडंच होती. आईला त्याचा केवढा अभिमान! वही नाही, काही नाही, पण कुठला झारा कुणाच्या घरी अडकलाय हे तिला झोपेतही सांगता यायचं. त्या खोलीचा वास अजून माझ्या नाकात आहे. पितळ, राख, वाळलेली चिंच आणि कुठंतरी तळाशी राहून गेलेला जुन्या आमटीचा वास. पावसाळ्यात आम्ही पोरी लपाछपीला तिथंच शिरायचो आणि गंगूबाईच्या पोटात बसायचो. आतनं हळू बोललं तरी घुमायचं.

वैशाखात तर लग्नसराईनं खोली रिकामीच असायची. गिरणीतल्या मोडक्या खोक्यांची फळकुटं जळणाला. पळसाच्या पत्रावळी आम्ही पोरींनीच बांबूच्या चोयांनी टोचलेल्या. जेवणं झाली की उष्टं बिरूमामाच्या शेरडांना. हे बिरूमामा कवठे महांकाळकडचे, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेलं घर. गिरणीत कामाला लागले तरी दारात चार शेरडं बांधल्याशिवाय त्यांना झोप यायची नाही. पत्रावळी खतखड्ड्यात, भांडी धुतलेलं पाणी अळूच्या वाफ्यात, चुलीतली राख परत भांडी घासायला. फेकायला काही उरायचंच नाही. गिरणीचा भोंगा झाला की दुसरी पंगत उठायची, आणि खरकट्या हातानं कोण कुणाच्या घरात शिरतंय याचा पत्ता नसायचा.

हे मी आजवर लय ठिकाणी सांगितलंय. आमच्या महिला मंडळात, भाचीच्या कॉलेजात. हल्ली लोकांना अशा गोष्टी आवडतात, 'शाश्वत जीवनशैली' म्हणतात त्याला. मी गंगूबाई-तुकाराम सांगते, लोक हसतात, टाळ्या वाजवतात, आणि मी नारळ घेऊन घरी येते. धोंडीरामाचं मात्र मी कुठंच सांगितलं नाही.

मोडवाल्यानं शेवटी कोपऱ्यातनं गोणपाटात गुंडाळलेलं एक पातेलं काढलं. गोणपाट सोडलं, पातेलं पालथं केलं आणि तो उकिडवाच बसला.

"ताई, ह्ये तर चुलीवर चढलंच न्हाई की! कारखान्यातल्या लेथचं वळ बी तसंच हाईत बगा बुडाला."

"बूड पातळ हाय त्याचं," आई पटकन म्हणाली. "करपतंय त्यात."

त्यानं टिचकी मारली, मग मूठ मारली. "कुठलं पातळ, आज्जी? ह्या समद्यांत जाड ह्येच हाय."

आईनं मान दुसरीकडं वळवली.

धोंडीरामकाका एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. गल्लीच्या टोकाचं घर त्यांचं, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली रोज ताजं फूल. गल्लीतला एक स्टोव्ह असा नव्हता की जो काकांच्या हातनं गेला नाही. हापशाचा वायसर गेला, काकांना बोलवा. सायकलचं चाक वाकडं, काकांना बोलवा. काका पेन्सिल कानाला लावून यायचे आणि म्हणायचे, "टाकायचं न्हाई पोरी काय बी. बसंल त्ये." त्यांच्या हाताला कायम रॉकेलचा वास. एका दिवाळीच्या आधी ते अचानक गेले, आणि सगळी गल्ली रडली. खोटं कशाला सांगू, आईही रडली.

वर्षाच्या आत विमलकाकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पातेलं आणलं. पेठेतल्या दहा दुकानांत वाजवून वाजवून निवडलेलं, आतनं कल्हई चांदीसारखी. त्यावर 'कालकथित धोंडीराम यांचे स्मरणार्थ' घातलेलं. बायका म्हणाल्या, "लय झ्याक हाय हो." एकीनं विचारलं, कालकथित म्हंजे? काकी म्हणाल्या, "आमच्यात तसं लिवत्यात." बाई "असं व्हय" म्हणाली.

पहिलं जेवण श्रावणात होतं. काकी निळं पातळ नेसून आल्या, पदरात तांदूळ. महादूआण्णा, गल्लीचे आचारी, चुलीपाशी उभे होते. "गंगूबाई काढा, तुकाराम काढा," एवढंच म्हणाले. काकींनी आईकडं बघितलं. आई म्हणाली, "आज माणसं थोडी हाईत. फुडल्या खेपंला काढू." काकी हसल्या, पदराची गाठ तशीच कमरेला खोचली आणि जेवणं झाल्यावर भांडी घासायला बसल्या. चिंच, राख, नारळाची शेंडी. गंगूबाईच्या बुडाची काजळी काढता काढता त्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले.

पुढच्या खेपेला बूड पातळ निघालं. त्याच्या पुढच्या खेपेलाही. कुणी कधी उघड काही म्हणालं नाही, त्याचंच तर वाईट वाटतं. कुणी बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं. काकी मात्र प्रत्येक कार्याला घासायला यायच्या. घासायला त्या चालत होत्या.

सुजाता, त्यांची लेक, माझ्याच वर्गात. एकदा हापशावर पाणी भरताना तिनं मला विचारलं, "आमच्या बाबांचं पातेलं कवा काढणार गं?" मी म्हणाले, "बूड पातळ आहे म्हणे त्याचं." ते मला खरं वाटत होतं की नव्हतं, आज सांगता यायचं नाही. सुजातानं घागर डोक्यावर घेतली. जाता जाता म्हणाली, "तुझ्या आईच्या स्टोव्हला बाबांनी जे बूड बसवलंय ना, ते बघ पातळ आहे का."

मग आण्णांच्या धाकटीचं लग्न आलं. मी सतरा वर्षांची. वऱ्हाड सांगितलं त्याच्या दुप्पट आलं, आणि आण्णा डोक्याला हात लावून बसले, गंगूबाईत एवढा भात मावणार नाही. मला वाटलं, आता कुठं जातील? मी खोलीत शिरले, एकटीनं ते जड पातेलं गडगडत ओढत अंगणात आणलं आणि कुणाला काही न विचारता टोकाच्या घराकडं पळत सुटले. "काकी, धोंडीराम काढलाय! चला लवकर!"

काकी भाकरी थापत होत्या. हात धुतला, निळं पातळ नेसल्या, पदरात तांदूळ घेतले. वाटेत त्यांनी माझा हात धरला होता. सुजाता मागनं येत होती.

आम्ही पोचलो तेव्हा भाताचा पहिला घाणा गंगूबाईत चढला होता आणि दुसऱ्याचे तांदूळ परातीत निथळत होते. माणसं ताटकळत बसली होती. उपाशी बसवली, पण दुसरं पातेलं चढवलं नाही. धोंडीराम मोरीपाशी होता. त्यात पाणी भरलं होतं, हात धुवायला. प्यायला नव्हे. लोक तांब्या बुडवत होते, खळाखळा चुळा भरत होते. तसं करायला कुणी सांगितलं हे मला माहीत आहे, पण ते माणूस आता नाही, आणि नुसतं त्याचंच नाव घेऊन मी मोकळी होणार नाही. आई तिथंच उभी होती.

काकी थांबल्या. मग सावकाश पुढं गेल्या, तांब्या बुडवला, आपले हात धुतले, पदराला पुसले आणि घरी गेल्या. पदरातले तांदूळ वाटेत सांडत गेले. बिरूमामाच्या कोंबड्या ते टिपत होत्या.

त्या दिवशी भांडी घासायला कुणी मिळेना.

पुढच्या वर्षी सुजाताला साताऱ्यात नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि ते घर साताऱ्याला गेलं. निरोप द्यायला कोण गेलं, आठवत नाही. मी गेले नव्हते. नंतर गिरणीचा भोंगाही बंद झाला, आण्णा गेले, कार्यालयं झाली, केटरर आले. थर्माकोलच्या ताटल्या गटारीत तुंबायला लागल्या. जिन्याखालच्या खोलीला कुलूप लागलं, आणि आता घरच पाडायचं ठरलंय. राहिलेली चार जुनी घरं म्हणाली, मोडीत घाला, कोण वापरतंय आता.

"हे राहू दे," मी मोडवाल्याला म्हणाले. "बाकीचं न्या आठवड्याभरात."

तो गेल्यावर आई बराच वेळ पदराचं टोक चुरगळत बसली. मग म्हणाली, "म्या काढलं असतं तर लोक जेवलं असतं का गं त्यात?"

"काढून तरी बघायचं होतंस."

"मला भ्या वाटलं. लोकांनी भांडी दुसरीकडं हालिवली असती. मग आपल्या दारात कोण आलं असतं?" तिचा आवाज अगदी लहान झाला. "तिच्या नवऱ्यानं माझा स्टू सात येळा नीट केला. एकदा बी चा सोडून काय घेतलं न्हाई. आन म्या..."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. झालं नाही. चोराच्या उलट्या बोंबा कशाला, ती सबब हापशावर मीच तर पोचवली होती.

सुजाताचा नंबर शाळेच्या ग्रुपवर मिळाला. पातेलं गोणपाटात बांधून मी एसटीत बसले. कंडक्टर म्हणाला, "काय ताई, रुखवत हाय का?" मी हसले. साताऱ्यापर्यंत ते पायांशी दाबून धरून धरून माझे पाय बधिर झाले.

अजिंक्यतारा खिडकीतनं दिसतो असं त्यांचं दोन खोल्यांचं घर. भिंतीवर तोच फोटो, खाली ताजं फूल. सुजातानं दार उघडलं, गोणपाट सोडलं आणि ठिपक्यांवरनं बोट फिरवत राहिली. काकी कॉटवर बसल्या होत्या, अंगानं अगदी एवढ्याशा झालेल्या.

"काकी, माझं चुकलं. आमच्या सगळ्यांचंच चुकलं. हे तुमचं तुम्हाला द्यायला आलेय."

"माझं कसं?" त्या म्हणाल्या. "म्या दिलेलं परत घेत न्हाई. गल्लीला दिलं हुतं."

"गल्ली राहिली नाही आता, काकी."

"मग गल्लीचं बी न्हाई. पयली ओंजळ कुठं पडली त्यात?" त्या माझ्याकडं रोखून बघत होत्या. "माझं न्हाई, गल्लीचं न्हाई. मग कुणाचं हाय गं ते, पोरी? सांग की. पंचवीस-तीस वरसं ते मानूस कुणाच्या दारात उभं हाय?"

मी रडायला लागले. सुजातानं पाणी दिलं, पण गप्प कर म्हणून पाठीवर हात ठेवला नाही. ते बरोबरच होतं.

बऱ्याच वेळानं काकी उठल्या, डब्यातनं ओंजळभर तांदूळ काढले आणि जुन्या चिंधीत बांधले. "ही टाक. त्याच अंगणात. आन काळं करून आन. कोरं भांडं घरात ठिवायला म्या काय दुकान घातलंय?"

परत सांगलीला आले. राहिलेल्या चारही घरांत जाऊन जेवणाचं सांगितलं, कशातनं आणि कशासाठी ते स्पष्ट सांगितलं. येतो म्हणाले. एकीचा उपास निघाला, एकाची शुगर, दोघं लग्नाला गेले. रविवारी दुपारी मी अंगणात तीन विटा मांडल्या, दाराच्या मोडक्या फळ्या फोडून जाळ केला आणि पातेलं चढवलं. मी कधी एवढ्या मोठ्या भांड्यात शिजवलं नव्हतं. आई खुर्ची ओढत जवळ आली.

"चढवलंस?"

"चढवलं."

ती खुर्चीत ताठ बसली. मग आण्णांसारखा आवाज काढून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "धोंडीरामात भात टाका!"

समोरच्या अपार्टमेंटच्या एका गॅलरीत कुणीतरी डोकावलं आणि आत गेलं.

मी काकींची ओंजळ टाकली, मग आमचे तांदूळ. शंभर माणसांचं पातेलं आणि दोन शेर तांदूळ. तळाला नुसता थर झाला, पाण्याचा अंदाज चुकला, आणि बघता बघता करपला. वास आईला माझ्या आधी आला. तिनं डोळे मिटून घेतले. तेवढ्यात उरलेली भांडी न्यायला मोडवाला आला. वास घेऊन म्हणाला, "भूक लागलीया ताई, वाढता का?" तोही बसला.

दुसऱ्या दिवशी परत सातारा. या खेपेला गोणपाट, माझा पदर, हात, सगळं काजळीनं माखलं होतं. काकींनी पातेलं पालथं करायला लावलं. बुडावरनं तळहात फिरवला आणि काळा झालेला हात कितीतरी वेळ बघत बसल्या.

"कोन कोन जेवलं?"

सांगणं भाग होतं. "मी, आई आणि मोडवाला."

"गल्लीतलं?"

"कुणी नाही, काकी."

त्यांनी मान हलवली, जणू हे त्यांना ठाऊकच होतं. "आई जेवली?"

"जेवली. करपलेलाच होता. दोनदा मागून घेतला."

सुजाता आतनं घासणी आणि पावडर घेऊन आली, पातेलं मोरीकडं ओढायला लागली. तेव्हा काकींनी काळा हात तसाच तिच्या हातावर ठेवला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "घासू नगंस."